रासायनिक द्रव्ये आणि विषाणूंचा प्रतिकार : उंदरांवरील प्रयोगांचा बोध



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील भातशेतकरी कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणत नाही. तो त्याला 'औषध' म्हणतो. खाचरात खोडकिडा किंवा तुडतुडे दिसले की 'औषध मारले पाहिजे' असे तो म्हणतो. आणि घरात मूल तापाने फणफणले की 'औषध आणले पाहिजे' असेही तोच म्हणतो. दोन अगदी निराळ्या वस्तूंना बोलण्यात एकच नाव मिळाले आहे. मात्र एकाच शरीरात रासायनिक द्रव्य आणि विषाणू यांची गाठ पडली, तर काय घडते? या प्रश्नाचा विचार शेतकऱ्याने सहसा केलेला नसतो. शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेतील उंदरांच्या साहाय्याने केला. त्या प्रयोगांतून काय निष्पन्न झाले आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांनी त्यापासून कोणता बोध घ्यावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

या विषयाची चर्चा या दोन तालुक्यांत होणे अगदी उचित आहे. कर्जत तालुका हा भाताचा मुलूख. तेथील संशोधन केंद्राने काढलेली 'कर्जत' नावाची भातवाणे कोकणात सर्वत्र परिचित आहेत. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाला कालव्याला मिळते आणि त्यावर उन्हाळी भातही पिकतो. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी कारखानदारी वाढली. तेथील एका वसाहतीचे नावच मुळी 'रसायनी' असे पडले. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या केंद्र सरकारच्या कंपनीच्या रसायनी येथील कारखान्यात अनेक वर्षे डीडीटी आणि मॅलेथिऑन यांचे उत्पादन झाले. एका तालुक्यात शेत आणि शेजारच्या तालुक्यात कारखाना, अशी ही जोडी आहे. दोन्हींच्या मध्ये ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. फवारणीची मजुरी पुष्कळदा या वाड्यांतील माणसेच करतात, आणि पावसाळ्यातील तापाच्या साथींचा पहिला तडाखाही बहुधा याच वाड्यांना बसतो.

रसायनांचे ऋण

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रासायनिक द्रव्यांविषयी सरसकट भीती निर्माण करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. १९५३ साली भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख लोक त्याला बळी पडत. घरोघर भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. पुढे रोगाने पुन्हा उचल खाल्ली हे खरे. तथापि डीडीटीमुळे लक्षावधी प्राण वाचले ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला, तो ते माती, पाणी आणि प्राण्यांच्या चरबीत दीर्घकाळ टिकून राहते म्हणून.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, कोणत्याही द्रव्याची परीक्षा केवळ 'त्याने माणूस मरतो काय' एवढ्याच प्रश्नाने पूर्ण होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते विष डोळ्यांना दिसले. त्याची बातमी झाली, चौकशी झाली. परंतु ज्या अल्प मात्रेने उलटी होत नाही, चक्करही येत नाही, ती मात्रा शरीराच्या रोगाशी झुंजण्याच्या शक्तीवर काही परिणाम करते काय, हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागते.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीने उंदीर म्हणजे बांध पोखरणारा आणि कणगी फोडणारा शत्रू. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर मात्र विषाणुशास्त्राचा फार जुना साहाय्यक आहे. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. तेथे रुग्णांच्या किंवा डासांच्या नमुन्यांतील विषाणू ओळखण्यासाठी उंदरांच्या नवजात पिलांचा वर्षानुवर्षे उपयोग करण्यात आला. पिलेच का घ्यावयाची? कारण पुष्कळशा विषाणूंना पिलू बळी पडते आणि प्रौढ उंदीर तग धरतो. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडलेला विषाणू याचे उत्तम उदाहरण आहे. या विषाणूने पिले मरतात. प्रौढ उंदरांना त्वचेखाली टोचल्यास ते सहसा टिकून राहतात. याच विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आणली. आंध्र प्रदेशातील साथीत नोंद झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ मुले दगावली.

यावरून एवढे दिसते की, प्रतिकारशक्ती ही कायमची ठरलेली वस्तू नाही. ती वयाप्रमाणे बदलते, पोषणाप्रमाणे बदलते. विषाणू पेशीत शिरला म्हणजे ती पेशी 'इंटरफेरॉन' नावाची प्रथिने सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. या प्रथिनाचा शोध आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लंडन येथे लावला. गावात दरोडा पडला असता पहिल्या घराने हाळी द्यावी आणि बाकीच्यांनी दारे लावून घ्यावीत, तसाच हा प्रकार होय. त्यानंतर काही दिवसांनी प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणूचा बंदोबस्त होतो. या क्रमातील कोणत्याही पायरीवर अडथळा आला, तर एरवी सौम्य ठरणारा विषाणू प्राणघातक ठरू शकतो.

कॅनडातील प्रयोग

असा अडथळा एखाद्या रासायनिक द्रव्याने येऊ शकतो काय, याचा एक महत्त्वाचा प्रयोग कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. कॅनडाच्या पूर्व भागातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सूचिपर्णी जंगलांवर पडणाऱ्या अळीच्या नाशासाठी १९५२ पासून विमानांतून फवारणी केली जात असे. प्रथम डीडीटी आणि पुढे फेनिट्रोथिऑन वापरण्यात आले. त्या भागातील काही मुले 'रे यांचा विकार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराने दगावली. डग्लस रे या ऑस्ट्रेलियन वैद्यकतज्ज्ञांनी १९६३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. फ्लू किंवा कांजिण्या यांसारखा साधा विषाणुजन्य आजार बरा होत असतानाच मुलाला एकाएकी ओकाऱ्या सुरू होतात, शुद्ध हरपते, यकृतात चरबी साठते आणि मेंदूला सूज येते, असे या विकाराचे स्वरूप आहे.

फवारणी आणि हा विकार यांचा काही संबंध असावा काय, अशी शंका डॉ. जॉन क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आली. त्यांनी उंदरांच्या नवजात पिलांच्या त्वचेवर कीटकनाशकांची अल्प मात्रा लावली आणि नंतर त्यांना मेंदू व हृदयाचा दाह करणारा एक विषाणू अशा प्रमाणात टोचला की, तेवढ्याने एरवी फारशी पिले मरू नयेत. तुलनेसाठी काही पिलांना केवळ रसायन आणि काहींना केवळ विषाणू दिला होता. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रसायन आणि विषाणू या दोहोंचा संयोग झालेल्या पिलांत मृत्यूचे प्रमाण वाढले, त्यांच्या अंतर्गत अवयवांत चरबी साठलेली आढळली आणि मेंदूवरही परिणाम दिसला. एकेकटी असताना सोसवणारी दोन संकटे एकत्र आली तेव्हा सोसवली नाहीत.

दोष कोणाचा?

या संशोधनाचा पुढचा टप्पा अधिक बोधप्रद आहे. दोष कीटकनाशकाचाच, असे कोणासही वाटले असते. संशोधकांनी तसे गृहीत धरले नाही. बाटलीत केवळ कीटकनाशक नसते. पुष्कळशी कीटकनाशके पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून त्यांत तेलकट विद्रावक आणि साबणासारखे एक द्रव्य मिसळलेले असते. त्यास पायसकारक म्हणतात. त्याच्यामुळेच पंपात औषध ओतताच पाणी दुधासारखे पांढरे होते. हे दृश्य शेतकऱ्याला नित्याचे आहे. संशोधकांनी कीटकनाशक वगळून केवळ ही वाहक द्रव्ये पिलांना लावली. तरीही विषाणूची मारकता वाढली! १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये याच गटाने दाखवून दिले की, अशा पायसकारकांच्या संपर्कात आलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये विषाणूंची वाढ अधिक होते.

याचा अर्थ असा की, ज्या घटकाला 'निष्क्रिय' समजून कोणी फारसे विचारात घेत नव्हते, तोच येथे सक्रिय निघाला. बाटलीवरील मुख्य द्रव्याचे नाव वाचून तिची सारी परीक्षा झाली असे मानता येत नाही.

उंदीर आणि माणूस

तर मग रे यांच्या विकाराचे कारण फवारणी हेच ठरले काय? तसे झाले नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या पाहण्यांतून दिसून आले की, ज्या मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन दिले गेले होते, त्यांच्यात हा विकार प्रामुख्याने आढळतो. १९८२ मध्ये तेथील सरकारने पालकांना इशारा दिला आणि १९८६ पासून ॲस्पिरिनच्या वेष्टनावर सूचना छापली जाऊ लागली. १९८० मध्ये अमेरिकेत या विकाराचे ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. १९९४ नंतरच्या वर्षांत ही संख्या वर्षाला दोहोंच्या वर गेली नाही.

या घटनाक्रमात दोन्ही बाजूंचा बोध आहे. उंदरांवरील प्रयोग खोटा ठरला नाही. रसायन आणि विषाणू मिळून अनर्थ करू शकतात हे त्याने दाखविले. परंतु मुलांच्या बाबतीत त्या संयोगातील प्रमुख द्रव्य निराळे निघाले. शेतावर फवारण्याचे ते औषध नव्हते. घरातल्या डबीतली, सर्वांच्या विश्वासातली गोळी होती. उंदरावरील प्रयोग कोठे शोधावे हे सुचवितो. माणसाच्या बाबतीतील निर्णय माणसांची पद्धतशीर पाहणी करूनच करावा लागतो.

डायऑक्सिन आणि गावचा उकिरडा

दुसरे उदाहरण डायऑक्सिन या द्रव्याचे. हे कोणी मुद्दाम तयार करीत नाही. काही रासायनिक प्रक्रियांत ते अनाहूतपणे निर्माण होते आणि क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक मिसळलेला कचरा उघड्यावर जाळला असताही निर्माण होते. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले की, उंदराला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास एक मायक्रोग्रॅमचा केवळ शंभरावा भाग एवढे डायऑक्सिन एकदाच दिले आणि नंतर फ्लूच्या विषाणूचा संसर्ग केला, तर मृत्यूचे प्रमाण वाढते. आश्चर्य हे की, फुफ्फुसांतील विषाणूंची संख्या मात्र वाढली नव्हती. म्हणजे शत्रू वाढला नव्हता, त्याला तोंड देण्याची रीत बिघडली होती. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी हाच प्रयोग अधिक मात्रा देऊनही केला, तेव्हा त्यांना मृत्यूंत वाढ आढळली नाही. शास्त्रात असे मतभेद होतात आणि ते उघडपणे मांडले जातात, यातच शास्त्राची विश्वासार्हता आहे. तथापि डायऑक्सिन हे अन्य कारणांनीही घातक, कर्करोगाला कारणीभूत होणारे द्रव्य म्हणून मान्य झालेले आहे. तेव्हा नेरळ-कर्जतच्या पर्यटनाबरोबर आणि खोपोलीच्या वाढत्या वस्तीबरोबर वाढलेला प्लॅस्टिकचा कचरा गावाबाहेर पेटवून देणे ही स्वच्छता नव्हे, एवढे पंचायतींनी जाणून घ्यावयास हरकत नाही.

प्रतिकार वाढविणारी द्रव्ये

रसायन जसा प्रतिकार कमी करते, तसा वाढवूही शकते. १९७० मध्ये टिलोरोन नावाचे द्रव्य प्रसिद्धीस आले. ते उंदरांना तोंडावाटे दिले असता त्यांच्या शरीरात भरपूर इंटरफेरॉन तयार होत असे आणि अनेक विषाणूंपासून त्यांचा बचाव होत असे. विषाणूवर गोळी सापडली, अशी आशा त्या काळी निर्माण झाली. माणसांवरील प्रारंभीच्या चाचण्यांत मात्र उंदरांमध्ये दिसलेला तो परिणाम दिसून आला नाही. २०२० च्या कोविड साथीत 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' म्हणून कितीतरी चूर्णे, काढे आणि गोळ्या गावोगाव विकल्या गेल्या. अशा वस्तूंची जाहिरात कोणी घेऊन आला, तर शिक्षकांनी त्याला साधा प्रश्न विचारावा : हे कोणावर तपासले, किती जणांवर, आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवला होता काय? एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ गावांचा पुष्कळ पैसा वाचेल.

गावपातळीवर काय करावे?

या साऱ्या विवेचनाचा उपयोग कृतीत झाला पाहिजे. पहिली गोष्ट फवारणीची. मूल आणि गरोदर स्त्री यांना फवारणीपासून व औषध कालविण्यापासून दूर ठेवावे. क्रॉकर यांच्या प्रयोगात द्रव्य त्वचेवरच लावले होते, हे विसरता कामा नये. म्हणून हाताने औषध ढवळणे, गळका पंप पाठीला लावणे, वाऱ्याच्या तोंडी फवारणे या सवयी सोडल्या पाहिजेत. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ शाळेत मुलांना शिकविता येईल. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा तो उतरता क्रम आहे. रिकामा डबा पाण्यासाठी किंवा तेलासाठी वापरला जाऊ नये, म्हणून तो भोक पाडून निकामी करावा. अंगात ताप असलेल्या मजुराला त्या दिवशी फवारणीच्या कामावर पाठवू नये. हा नियम पाळण्यास खर्च काहीच नाही, मात्र बुडालेल्या मजुरीचा विचार शेतमालकाने आणि पंचायतीने मिळून केला पाहिजे.

दुसरी गोष्ट तापाची. फ्लू, कांजिण्या किंवा कोणताही विषाणुजन्य ताप आलेल्या मुलाला वैद्यकीय सल्ल्यावाचून ॲस्पिरिन कदापि देऊ नये. डेंग्यूच्या तापात तर ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातून सुट्या गोळ्या आणून देण्याची पद्धत वाड्यावस्त्यांवर अजूनही आहे. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांनी ही एक सूचना घरोघर पोहोचविली, तरी फार मोठे काम होईल. ताप उतरत असताना मुलाला सारख्या ओकाऱ्या होऊ लागल्या, ते गुंगीत गेले किंवा भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.

तिसरी गोष्ट पोषण आणि लसीकरणाची. उंदरांवरील सर्व प्रयोगांतून एकच सूत्र पुन्हा पुन्हा पुढे येते : त्याच विषाणूने एक पिलू मरते आणि दुसरे जगते. भेद विषाणूत नसतो; पिलाच्या शरीराच्या स्थितीत असतो. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतर करते, तेव्हा त्यातील मुलाचा पोषण आहार, 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा आणि गोवराची लस या तिन्ही गोष्टी चुकण्याची शक्यता असते. अशा मुलांची यादी गाव सोडण्यापूर्वी करून ती संबंधित आरोग्य केंद्राकडे देणे, हे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला सहज करता येईल असे काम आहे.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत एकच सूचना करावीशी वाटते. कृषी खाते फवारणीची नोंद ठेवते आणि आरोग्य खाते तापाची. या दोन नोंदी सहसा एकमेकींना भेटत नाहीत. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी जंगलावरची फवारणी आणि रुग्णालयातील मूल यांचा एकत्र विचार केला, म्हणूनच त्यांना प्रश्न सुचला. तालुका पातळीवरील मासिक बैठकीत कृषी अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांनी भात फवारणीच्या हंगामात आपापल्या नोंदी एका टेबलावर ठेवल्या, तर असा प्रश्न वेळीच सुचण्याची शक्यता वाढेल.

शेतातील औषधाला आणि आजारातील औषधाला एकाच नावाने हाक मारण्याची सवय लवकर जाणार नाही, आणि ती जावी असा आग्रहही नाही. दोन्ही औषधांना मात्रा असते, दोन्हींना वेळ असते आणि दोन्ही चुकली तर त्याची किंमत घरातल्या सर्वांत लहान जीवाला मोजावी लागते, एवढे जरी कर्जत-खालापूरच्या प्रत्येक घरात कळले, तरी प्रयोगशाळेतील त्या पिलांनी शिकविलेला धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.